कापूससाहेबाचा सलाम

कुणाला खोटं वाटलं तर त्यानं खुशाल हसावं. मी मात्र शपथेवर सांगतो, हे माझ्या सख्ख्या आत्याच्या, तानाबाईच्या बाबतीत घडलंय. हिंगणघाटात. सन १९५७, वैशाख महिना. आणि रात्री नाही, भर दुपारी.

वणा नदीच्या अंगाला गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान होतं. कापसाच्या व्यापारासाठी आलेले साहेब पटकीनं मेले, ते इथंच राहिले. गवत कापायचं, बाभळी तोडायच्या, थडग्यांना चुना लावायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आत्याच्या सासरी चालत आलेलं.

कामासोबत एक रीतही आलेली. फाटकातच पायातलं काढायचं. मधल्या मोठ्या थडग्यातल्या कापूससाहेबाला वाकून सलाम करायचा, मगच विळा उचलायचा. सलाम चुकला की साहेब घरातला माणूस धरतो, असं सगळे म्हणत.

आदल्या दसऱ्याला आत्या आणि तिचे यजमान कवडूमामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव नदीत गेले. मग मेलेल्या साहेबाची काय बिशाद!

"साफसफाई करीन. सलाम नाई," आत्या म्हणाली, आणि चपला घालून आत शिरली.

त्याच दिवशी मामांना ताप भरला.

दवाखान्याचं औषध झालं. ताप उतरेना. एके दुपारी आत्या उशाशी बसली होती. मामांचा उजवा हात हळूच उचलला गेला...

कपाळाला लागला.

खाली पडला.

पुन्हा वर.

मामा तर गाढ झोपेत!

आत्यानं हात दाबून धरला. तो तिच्यासकट वर जाऊ लागला... शेजारच्या मीराबाई दारातच किंचाळल्या. "ताना, जाय वो माय, एक सलाम ठोकून ये! नवरा जाईन तुहा!"

मामांनी डोळे उघडले. आवाज जेमतेम निघत होता.

"माह्या जिवासाठी नको सांगू तिले, मीराबाई. ताना, जायचं तर जाय. पन वाकू नको."

माणूसच गेला तर दीक्षा काय कामाची, असंही आत्याच्या मनात येऊन गेलं, हे ती कधी लपवायची नाही. तरी ती उठली. विळा घेतला. चपला घातल्या.

ऊन असं की डोळे उघडेनात. तिनं फाटक ओलांडलं... आणि बाभळीवरच्या होल्यांचं घुमणं थांबलं. वारा थांबला. वाळक्या गवतावर तिच्या चपलाही वाजेनात.

फक्त एक आवाज. दगडावर काठी आपटल्यासारखा.

ठक...

ठक...

आत्या थेट मोठ्या थडग्यासमोर जाऊन उभी राहिली. आणि तिचा स्वतःचाच उजवा हात वर जाऊ लागला...

खांद्यापर्यंत. हनुवटीपर्यंत.

तिनं विळा फेकला, डाव्या हातानं तो हात खाली ओढला, आणि सरळ त्या थडग्यावरच जाऊन बसली. हात मांडीखाली दाबून!

"ऐक रे," ती ओरडली. "तुहे लोक तुले टाकून गेले. तुह्यावरचं गवत काढाले मीच येतो. चुना मीच लावतो. उद्या बी लावीन. पन माणूस म्हणून लावीन, चाकर म्हणून नाई. न्याचं असंन तर मले घेऊन जाय. सलाम भेटणार नाई!"

काठी वाजली नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग कुठंतरी होला घुमला.

ती घरी आली तर मामा उठून बसलेले. ताप उतरलेला. पेज मागत होते. फक्त उजवा हात... खांद्यापासून लुळा. डॉक्टर म्हणाले, तापाचा परिणाम. असेलही.

मामा त्यानंतर पुष्कळ जगले. डाव्या हातानं जेवायचे आणि गमतीनं म्हणायचे, "साहेबाले सलाम पाहिजे होता ना? हातच घेऊन जाय म्हणा." आत्या हसायची नाही. ती दरवर्षी चपला घालून कब्रस्तानात जायची आणि कापूससाहेबाला चुना लावून यायची.

मी मोठा झाल्यावर एकदा भर उन्हात त्यांच्या घरी गेलो. मामा झोपले होते. आत्या उशाशी बसलेली, तो लुळा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"काऊन धरून बसली वो आत्या?"

तिनं वर पाहिलं नाही.

"दुपारचा वर जाते तो," ती म्हणाली. "मी जाऊ देत नाई."