वीजबचत डबीशी कुस्ती

"त्याला तिथंच चीत करायचा. त्याच तालमीत, त्याच माणसांसमोर," असं म्हणून अफसानानं कैरीची फोड कचकन तोडली.

"म्हणजे मारामारी?" यशराजनं आशेनं विचारलं. मे महिन्याची सुट्टी अर्धी संपली होती आणि अजून काहीच घडलं नव्हतं.

"मारामारी दोन दिवसांत विसरत्यात लोकं. ह्ये त्यानं जल्मात विसरायचं न्हाय."

यशराजची थोरली बहीण राजनंदिनी कैरीला मीठ लावत होती. तिला लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती. त्या दिवशी हसणाऱ्यांत तिचे आजोबा, आबाही होते.

झालं होतं ते असं. मागच्या रविवारी कसबा बावड्यात, त्यांच्या गल्लीच्या तालमीपुढं, सयाजी नावाचा एक विक्रेता आला. टाय, गॉगल, हातात माइक. त्याच्याकडं साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी होती. ती प्लगमध्ये खोचली की विजेचं बिल निम्मं, असा त्याचा दावा. त्यानं तालमीची पाण्याची मोटर लावली आणि तिच्या तारेला करंट मोजायचा चिमटा अडकवला. आकडा आला सहा. डबी खोचली, आकडा उतरून चार! तालमीचे अध्यक्ष हंबीरराव, म्हणजे राजनंदिनीचे आबा, यांनी सगळ्यांआधी डबी घेतली. अध्यक्षांनी घेतली म्हटल्यावर गल्लीनं घेतली.

फक्त अफसानाचे अब्बा, बादशहा वायरमन, म्हणाले, "पावणं, ह्यो आकडा बिलाचा न्हाय."

सयाजी माइकमध्येच हसला. "डबी लावली की तारा जळत नाहीत. मग वायरमनला कोण विचारणार? म्हणून याच्या पोटात दुखतंय!"

सगळी तालीम खो खो हसली. ज्या तालमीच्या गणपतीला आणि मोहरमच्या पंजांना बादशहांनी वीस वर्षं फुकट रोषणाई केली, ती तालीम. त्या दिवसापासून बादशहा मागच्या रस्त्यानं ये-जा करायला लागले. कोणी विचारलं तर म्हणत, "पुढं लई खड्डे हायत."

सूड घेऊ नये असं पुस्तकात लिहितात. लिहिणाऱ्याच्या वडिलांना भर तालमीत कोणी हसलेलं नसतं.

"अब्बा, चिमट्यातला आकडा खोटा हाय का?" अफसानानं रात्रीच्या जेवणाला विचारलं होतं.

"खोटा न्हाय. मोटर थोडा जादा करंट नुसता आत-बाहेर फिरवती. डबी त्यो करंट सवताकडनं पुरवती, म्हणून चिमट्यात आकडा उतरतो. पण आपल्या घरचं मीटर त्यो करंट धरतच न्हाय. मग बिल कसं उतरंल?" एवढं सांगून ते ताटाकडं बघत म्हणाले, "सोड त्ये आता."

अफसाना सोडणाऱ्यांतली नव्हती.

"मीटरवर लाल दिवा लुकलुकतो की न्हाय?" तिनं कैरी संपवत दोघांना समजावलं. "तुमच्या मीटरवर छापलंय, बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. आपण नुसतं मोजायचं. डबी उघडायची मात्र न्हाय हां. आत करंट साठलेला असतोय."

आबा शेतावर गेल्यावर हंबीररावांच्या घरी, पुढच्या सोप्यात मोहीम सुरू झाली. फ्रिज, पंखे, दिवे, सगळं बंद. चालू फक्त पाण्याची मोटर. राजनंदिनीच्या हातात घड्याळ, अफसानाची नजर मीटरवर, यशराजच्या हातात खडू. शंभरापर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि एकाएकी दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकायला लागला!

"डबी बिघडली!" यशराज नाचला.

"डबी न्हाय, आक्का," राजनंदिनी कपाळावर हात मारून म्हणाली. स्वयंपाकघरात आजीनं, म्हणजे आक्कांनी, चटणीसाठी मिक्सर लावला होता.

आक्कांची मनधरणी करून पुन्हा मोजलं. तीन मिनिटांत एकशे चव्वेचाळीस. मग डबी लावून मोजलं. एकशे चव्वेचाळीस.

"पुन्हा," अफसाना म्हणाली.

सात वेळा मोजलं. कधी एखादी लुकलुक इकडं, कधी तिकडं. टाकी भरून वाहायला लागली आणि आक्कांनी तिघांना बाहेर काढलं.

रविवारी सयाजी सांगून गेल्याप्रमाणे आणखी दोन खोकी घेऊन हजर झाला. गर्दी बघून त्याला चेव आला. "ही डबी खोटी ठरवील असा कोणी असेल, तर यावं पुढं!"

बावड्यातल्या माणसानं हे वाक्य त्या जागी उच्चारलं नसतं. त्या तालमीची जुनी रीत होती. पटांगणात कोणी आव्हान दिलं आणि समोरच्यानं हाताला हात लावला, की जोड ठरली. मग माघार नाही.

अफसाना गर्दीतून पुढं आली आणि तिनं सयाजीपुढं हात धरला. सयाजीला वाटलं, पोरगी कौतुकानं आली. त्यानं हसत हसत हात मिळवला.

"जोड ठरली!" म्हातारे केरबा वस्ताद कट्ट्यावरून गरजले. "पावणं, आता हलायचं न्हाय."

अफसानानं अट सांगितली. मोटर तालमीची, मीटर तालमीचं, वेळ तीन मिनिटं, घड्याळ वस्तादांच्या हातात. बाकी सगळी बटणं यशराजनं बंद केली. मीटरचा दिवा लुकलुकला आणि तालमीतल्या पोरांनी जोर-बैठका मोजतात तशा एका सुरात आरोळ्या द्यायला सुरुवात केली. "एक! दोन! तीन!"

डबीशिवाय एकशे एकावन्न. डबीसकट मोजताना शंभरानंतर आरोळ्यांचा सूर बदलत गेला. आता थांबतील, मग थांबतील म्हणून सयाजी बघत राहिला. पोरं थांबली एकशे एकावन्नवर.

"तुमच्या तारा जुन्या आहेत," सयाजी घाम पुसत म्हणाला. "डबीला रुळायला महिना लागतो."

"मग गेल्या रविवारी पाच सेकंदांत कशी रुळली हो?" राजनंदिनीनं विचारलं.

आता कोणी हसलं नाही. सयाजीनं खोकी उचलली, पण वाटेत पैलवान उभे होते. अफसानानं माइक त्याच्यापुढं धरला. तिला भारी मजा येत होती.

"म्हणा. वायरमन खरं बोलले हुते."

"वायरमन... खरं बोलले होते."

"मागं बसलेल्यांना आयकू आलं न्हाय."

त्याला ते तीनदा म्हणावं लागलं. घेतलेले पैसे तिथल्या तिथं परत करून तो गेला, तेव्हा त्याचा गॉगल खिशात होता.

हंबीररावांनी माइक घेतला. "आधी मी हसलो. म्हणून गल्ली हसली. माझ्या नातवंडांनी आणि ह्या पोरीनं आज मला शिकवलं. वस्ताद, पोरांची पाठ थोपटा. मी बादशहाकडं जातो." आणि ते माइक ठेवून खरंच निघाले. मागून सगळी तालीम निघाली.

बादशहांच्या दारात हंबीरराव हात जोडून उभे राहिले. बादशहा दारातून बाजूला होत म्हणाले, "आत या, चहा घ्या." रात्री त्यांनी अफसानाला विचारलं, "सात येळा कशाला मोजलंस गं? दोनदा पुरं हुतं की."

"तुमाला जेवढी माणसं हसली, तेवढ्या येळा मोजायचं हुतं. सातावर टाकी भरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादशहांनी हत्यारांची पिशवी हँडलला अडकवली, मोटरसायकल सुरू केली आणि ती तालमीच्या रस्त्याला वळवली.

"अब्बा, खड्डे?" अफसाना दारातून ओरडली.

"बुजले की," ते म्हणाले, आणि तालमीसमोर आल्यावर त्यांनी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.