सतराव्या थरावरची रेघ

“रडतेस काय! पाय वर घे! अजून वर!”

राधेश्याम सरांनी सालेहाच्या पाठीत गुडघा रोवला आणि तिचा मागे वळवलेला पाय डोक्याकडे खेचला.

“अम्मी!” सालेहा किंचाळली.

“ओरडलं की अंग मोकळं होतं,” सर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

अंबडच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात उन्हाळी सुट्टीतलं स्केटिंग शिबिर चाललं होतं. परवा समारोप होता. त्या दिवशी सालेहा चाकांच्या स्केट्सवर बीलमन स्पिन करून दाखवणार होती. म्हणजे एका पायावर गरगर फिरायचं आणि दुसरा पाय मागून हातानं धरून थेट डोक्यावर न्यायचा. खाली उघडं सिमेंट! तोल गेला तर काय होईल, याचा विचार सरांनी केलेला दिसत नव्हता.

बारा वर्षांची आकांक्षा कोपऱ्यातून हे बघत होती आणि तिचा नुसता संताप होत होता. सरांवर तर होताच, पण सालेहावरही होता. स्पिनसाठी सरांनी सालेहाला निवडल्यापासून दोघी बोलतच नव्हत्या. खरं सांगायचं तर आकांक्षाचा थोडा जळफळाटही होत होता.

भिंतीवर फूट-इंच छापलेलं फ्लेक्स टांगलं होतं. सालेहानं भिंतीशी उभं राहून पाय वर नेला. सर ओरडले, “पाच फूट सात! पहिल्या दिवशी बरोबर पाच होते. तीन आठवड्यांत सात इंच!”

टाळ्या वाजल्या. पप्पूनं मात्र वाजवल्या नाहीत. पप्पू शिबिरात शिकायला कमी आणि आपटायला जास्त येत असे. त्याचे वडील गवंडी, त्यामुळे समोर बिनगिलाव्याची भिंत दिसली की विटांचे थर मोजायची त्याला सवयच!

“आकांक्षे, गडबड हाय,” तो कुजबुजला. “पहिल्या दिवशी मी आपटून खाली बसलो होतो, तवा मोजले होते. पाच फुटांची रेघ सतराव्या थरावर होती. आता पंधराव्यावर हाय!”

“भिंत खाली सरकली का?”

“भिंत न्हाई, येडे! फ्लेक्स!”

आकांक्षानं बोट लावून थर मोजले. पंधराच भरले! म्हणजे सालेहाचा पाय बोटभरही वर गेला नव्हता. रेघच खाली आली होती.

ती धावतच नळापाशी गेली. सालेहा हौदाचा कठडा धरून हळूहळू वाकत होती.

“सालेहा, सर फसवून राह्यलेत! तू तो स्पिन करू नको.”

“जळून राह्यलीस तू!” सालेहा फणकारली.

“तुझी पाठ दुखते ना?”

“न्हाई!”

“मंग कठडा कशाला धरला?”

“अब्बूंनी ड्रेस शिवलाय. अख्ख्या बाजाराला सांगितलंय! पाठ माझी हाय, मोडली तर मोडू दे! तू चालती हो!”

आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सालेहाला दिसण्याआधी ती वळली आणि तडक सरांकडे जाऊन रेघ खाली आल्याचं बोलली.

“तुला जमत नाही, म्हणून दुसऱ्याचे पाय ओढतेस?” सर गुरकावले.

“पाय तर तुम्हीच ओढताय, सर!”

“उद्यापासून येऊ नकोस!”

“फ्लेक्स फाडूनच टाकू!” पप्पू तिच्या मागोमाग बाहेर येऊन म्हणाला.

“ते दुसरं लावतील. त्यांना लोकांसमोरच पकडायला पाहिजे,” आकांक्षा म्हणाली. तिच्या डोक्यात एक युक्ती आली होती.

समारोपाच्या सकाळी गोदाम माणसांनी भरलं. पहिल्या रांगेत सालेहाचे वडील, महेमूद टेलर, गळ्यात टेप तसाच ठेवून बसले होते. पाहुण्या होत्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका सुरेखाबाई. चमचमत्या ड्रेसमधली सालेहा स्केट्स घालून उभी होती आणि तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

“आधी माप, मग स्पिन!” सरांनी जाहीर केलं.

“सर, महेमूदचाचांचंपण माप घ्या ना!” प्रेक्षकांतून आकांक्षा ओरडली. “मज्जा येईल!”

“गप्प बस!” सर ओरडले. पण लोक हसले आणि चाचा हौसेनं उठून फ्लेक्सशी उभे राहिलेसुद्धा. पप्पूनं त्यांच्या डोक्यावर वही आडवी धरली.

“सहा फूट!”

“काय सांगतो पोरा!” चाचा चमकले. “लग्नाची शेरवानी शिवली तेव्हापासून मी पाच फूट पाच हाय!”

त्यांनी गळ्यातला टेप काढला, एक टोक जमिनीला टेकवलं आणि फ्लेक्सवरच्या पाच फुटांच्या रेघेपर्यंत ताणला.

“चार फूट पाच,” ते हळूच म्हणाले.

“उन्हानं... फ्लेक्स लांबलं असेल,” सर पुटपुटले.

पप्पूनं फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या वर भिंतीत खिळ्याची तीन जुनी भोकं होती, एकाखाली एक!

“आणि खिळापण उन्हानं खाली आला का, सर?”

लोकांत एकच गलका झाला. सालेहा मात्र जागची हलली नाही. “अब्बू, मी करते! मला जमतं!”

“आधी वाकून दाखव,” चाचा म्हणाले.

ती वाकली आणि अर्ध्यातच कळवळली. सुरेखाबाईंनी तिला अलगद बसवून स्केट्स उतरवले.

“आज डॉक्टर, आणि ते म्हणतील तितके दिवस विश्रांती,” त्या सरांकडे रोखून बघत म्हणाल्या. “मग जमिनीवर, अनवाणी. आधी अंग गरम करायचं, खांदे, कंबर आणि वरची पाठ रोज थोडी थोडी ताणायची, दुखलं की थांबायचं. या स्पिनला वर्ष लागलं तर लागू दे. आणि मुलीच्या पाठीत गुडघा घालणाऱ्याला मी शिक्षक म्हणत नाही!”

पालकांनी सरांना घेरलं. चाचांनी टेप हातात चुरगाळला.

“सारी उमर लोकांची मापं घेतली, आणि लेकीचं माप फ्लेक्सवरून घेतलं!” मग त्यांनी आकांक्षा आणि पप्पूच्या डोक्यावर हात ठेवला. “शाब्बास, पोरांनो! माझी लेक वाचवली तुम्ही.”

जाता जाता सालेहानं पप्पूकडून खडू मागून घेतला. तिनं भिंतीचा खालून एकेक थर मोजला आणि सतराव्यावर रेघ ओढली.

“खरं माप हे हाय,” ती म्हणाली. मग आकांक्षाकडे न बघताच तिनं खडू पुढे केला. “पुढची रेघ तू ओढ. शिकायला लागले की माझ्या पाठीला तू आधार दे. पण दाबलीस ना, तर बघ!”