बोट रोखून म्हणायचा शब्द

मी मनोऱ्याची पहिली पायरी धरली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी खड्या आवाजात ओरडलं, "चोआ!"

वळून पाहिलं. कोळशाच्या वीजकेंद्राचा राखाडी गणवेश, नाकावर काजळीचा ठिपका, आणि उजवा हात सरळ ताणून माझ्याकडे रोखलेलं बोट.

'चोआ' म्हणजे 'ठीक आहे'. आणि 'चोआ' म्हणजेच 'आवडतं'. आमच्या कोरियन भाषेत दोन्हींना एकच शब्द पुरतो. सोलमध्ये वाढलेल्या मुलीला एखाद्या अनोळखी पुरुषाने तो ओरडून सांगितला, तर ती पहिला अर्थ घेत नाही.

"अहो, आपली साधी ओळखही नाही," मी म्हटलं.

त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. "ते... हुकाला म्हटलं मी."

"हुकाला?"

"पट्ट्याचा हूक नीट बसलाय का बघायचं, बोट रोखायचं आणि मोठ्याने म्हणायचं. हूक, चोआ! हेल्मेट, चोआ! आमच्याकडे नियमच आहे तसा." त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्याकडे नुसतंच चढतात की काय?"

"आमच्याकडे मनातल्या मनात म्हणतात."

"मनातल्या मनात म्हटलेलं धरत नाहीत," तो म्हणाला.

त्याचं नाव पांग इंजे. केंद्रातल्या टर्बाइनची देखभाल करणारा, कंत्राटदाराकडचा माणूस. मी मो गाउल. समोरच्या समुद्रात पवनचक्क्या उभारू पाहणाऱ्या कंपनीची, वारा मोजायला आलेली. माझा मनोरा कोळशाच्या धक्क्यावर होता, आणि त्या आवारात बाहेरच्या माणसाने एकट्याने काम करायचं नाही असा दंडक. म्हणून दर मंगळवारी तो खाली उभा राहणार आणि मी वर चढणार.

त्या दिवशी ऐंशी मीटरवर पोचल्यावर मी आधी उपकरणं तपासली. मग खाली पाहिलं. समुद्रावरून धुकं जमिनीकडे सरकत होतं, कुणीतरी झोपलेल्या गावावर पांघरूण ओढावं तसं. धक्का गेला, कोळशाचं जहाज गेलं, सोलपो गाव गेलं. वर उरलं फक्त केंद्राचं धुराडं... आणि मी. वारा सेकंदाला सात मीटर. असे आकडे मी नऊ वर्षं मांडत आले आहे. पण तो आकडा गालाला लागला आणि वाटलं, आपण मोजतो ते केवढं मोठं आहे, आणि आपण केवढ्याशा.

उतरले तेव्हा तो तिथेच होता. "काय दिसलं?"

"काहीच नाही. सगळं धुकं."

"मग एवढं हसताय कशाला?"

मी पट्ट्याचा हूक सोडवायला लागले.

मंगळवार येत राहिले. काम झालं की आम्ही ओक्पुन मावशीच्या खानावळीत शिंपल्यांच्या रश्शातल्या शेवया खायचो. मावशीची खानावळ केंद्राच्या कामगारांवर चालायची. मी आत शिरले की ती पळीने दाखवायची, "आली बघा वारा मोजणारी! मोज गं बाई. वाऱ्याने पोट भरतं का, तेही एकदा मोज."

रस्त्यावर दोन फलक एकमेकांसमोर टांगलेले होते. एकावर 'लेकरांना स्वच्छ हवा', दुसऱ्यावर 'आधी आमचं ताट'. डिसेंबरअखेर पहिला संच कायमचा बंद होणार होता. कायम नोकरीवाल्यांना दूरच्या गॅसकेंद्रात बदली मिळाली होती. कंत्राटी माणसांना काहीच नाही. इंजेचा ज्येष्ठ सहकारी क्वाकदादा दक्षिणेला, जहाजं बांधायच्या गोदीत निघाला होता. इंजेनेही सोबत यावं असं त्याचं म्हणणं होतं. वर्ष संपायच्या आत होय की नाही ते सांगायचं होतं.

"तुमचं वय किती?" एकदा शेवया ओढता ओढता इंजेने विचारलं.

"एकतीस."

"मी एकोणतीस. म्हणजे मी तुम्हाला ताई म्हणायला हवं."

"म्हणून तर बघा."

"नाही म्हणत," तो वाटीत बघत म्हणाला. "मलाच नको आहे ते."

मावशीने न मागता आणखी मुळ्याचं लोणचं आणून ठेवलं.

नोव्हेंबरात त्याने पास काढून मला टर्बाइनच्या दालनात नेलं. कानात बोळे घालूनही तो आवाज पायांतून वर चढत होता. मी जनित्राची समीकरणं लिहिली आहेत, परीक्षेत चांगले गुणही मिळवले आहेत. पण ते यंत्र समोर, चालू, मी कधी पाहिलं नव्हतं. मिनिटाला तीन हजार सहाशे फेरे, आणि आख्खा परिसर त्याच्या उजेडात.

इंजेने खिशातून नाणं काढलं आणि यंत्राच्या कवचावर, कडेवर उभं केलं. हात काढून घेतला.

नाणं उभंच राहिलं.

पोलादाचा एवढा मोठा दांडा आत बेभान फिरत होता, आणि वर ते इवलंसं नाणं हलतही नव्हतं. मी श्वास रोखून बघत राहिले. त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं. "सात वर्षं आम्ही हे असं ठेवलंय!"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बंद करताना काय करतात?"

"एकदम थांबवत नाहीत. आतला दांडा तापलेला असतो. तसाच सोडला तर आपल्याच वजनाने वाकतो. निवेपर्यंत कितीतरी दिवस त्याला हळूहळू फिरवत ठेवायचं." त्याने कानातले बोळे खिशात टाकले. "आम्हाला नाही ठेवणार कुणी."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेतकरी सोसायटीच्या सभागृहात जनसुनावणी झाली. आमच्या विभागप्रमुखांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवलं — नवे रोजगार: एक हजार. ते टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या आल्या नाहीत.

इंजे उठला. "हे हजार जण किती दिवसांचे? चक्क्या उभ्या राहिल्यावर, पाचव्या वर्षी, सकाळी कामावर किती जण जातील?"

"ती तांत्रिक बाब आहे," प्रमुख म्हणाले.

"मग तांत्रिक माणसालाच विचारतो." त्याने हात सरळ ताणला आणि माझ्याकडे बोट रोखलं. "मो गाउल, किती?"

देखभालीचा तक्ता मीच केला होता. प्रमुख माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ मला नीट कळत होता. 

"चौतीस," मी म्हणाले.

सभागृह उसळलं.

"चौतीस?" मावशी ओरडली. "एवढे तर माझ्याकडे एका पंगतीला उठतात!"

"मग चालूच ठेवा की तो कोळसा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि माझ्या नातवाचा दमा तू घेशील का रे?" कालवं काढणारी एक बाई गरजली. "बंदच करा ते!"

इंजे उभाच होता. गलबला ओसरेपर्यंत थांबला. "बंद करा," तो म्हणाला. "मीही राख खाल्ली आहे, मला नका सांगू. पण यंत्राला तुम्ही निवेपर्यंत हळू फिरवता, ते वाकू नये म्हणून. माणसांची तेवढीच काळजी घ्या. हे चौतीस आधी आमच्यातले घ्या. बाकीच्यांना नवं काम शिकेपर्यंत पगार द्या. आणि हे लेखी द्या."

मग टाळ्या आल्या. दोन्ही फलकांच्या बाजूने.

बाहेर हिमकण भुरभुरत होते. तो माझ्यामागे आला. "खरं का सांगितलंत? तुम्हाला महाग पडेल."

"तुम्ही बोट रोखून विचारलंत. मनातल्या मनात उत्तर देऊन चाललं नसतं."

तो हसला नाही.  त्याच्या पापणीवर एक हिमकण आला, टिकला, विरघळला...

महागच पडलं. जानेवारीपासून मला सोलच्या कार्यालयात परत बोलावलं गेलं. पण गावाने अट सोडली नाही, आणि चौतीस जागा लेखी मिळाल्या. मार्चपासून प्रशिक्षण.

"अर्ज केलात?" मी विचारलं.

"मला उंचीची भीती वाटते," तो म्हणाला. "इतके मंगळवार मी खालीच का उभा होतो, असं वाटतं तुम्हाला?"

"नियम म्हणून."

"नियम वर चढून यायचाही आहे. मी चढलो नाही." मग हळूच, "शिवाय तुम्ही तर सोलला चाललात."

 मनात पुष्कळ होतं.

शेवटच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना, आणि खानावळीच्या मावशीलाही, दालनात यायची परवानगी होती. इंजेने माझंही नाव दिलं होतं. नात्याच्या रकान्यात त्याने काय लिहिलं ते पहारेकऱ्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

सकाळी अकराला भार शून्यावर आला. वाफ तोडली. नाणं कवचावर उभं होतं. त्याच्याभोवती चाळीस-पन्नास माणसं, सगळ्यांच्या कानात बोळे. दांडा मंदावत चालला. अर्ध्याच्या जवळपास वेग आला की प्रत्येक दांडा एकदा थरथरतो, कितीही चांगला असला तरी. ते मला ठाऊक होतं. तरी नाणं शहारलं, डगमगलं आणि लवंडलं, तेव्हा ते सावरायला माझा हात आपसूक पुढे गेला. क्वाकदादाने हेल्मेट काढलं. मग एकेकाने.

इंजे आपलं काम करत होता. तेलाचा दाब — बोट. ओठ हलले. चोआ. तापमान — बोट. चोआ. सात वर्षं केलं तसंच, शेवटचं. अखेर मोठा दांडा थांबला, लहान मोटर लागली, आणि तो पुन्हा फिरू लागला, मिनिटाला जेमतेम तीन फेरे.

तो वळला. त्याचे डोळे भरले होते.

आत्ता नाही तर कधीच नाही, मला वाटलं. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जातंय! मी हात सरळ ताणला, त्याच्यावर बोट रोखलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "पांग इंजे — चोआ!"

पन्नास माथी वळली. यंत्र थांबताच बाकीच्यांनी बोळे कधीच काढले होते.

मी कानातले बोळे काढले. दालनात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता होती. मला मघापासून ऐकू येत होता तो आवाज माझ्या छातीतला होता.

"जहाजाच्या गोदीत याचं काय काम आता!" क्वाकदादा नाक ओढत म्हणाला. मावशीने तोंडाला पदर लावावा तसा मफलर लावला, पण खांदे हलतच होते.

इंजे माझ्याजवळ आला. कान पहिल्या दिवसासारखेच लाल. खिशातून घडी घातलेला कागद काढला — प्रशिक्षणाचा अर्ज, कालच्या तारखेचा.

"आणि उंची?" मी विचारलं.

"खाली कुणी उभं राहणार असेल तर चढेन."

"मी सोलला येत नाही असं कळवलंय. इथल्या देखभालीचं काम मागितलंय, खालच्या हुद्द्याचं. उत्तर आलेलं नाही."

"नाहीच आलं तर?"

"तर मंगळवारी रजा घेऊन येईन."

त्याने लवंडलेलं नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. ते अजून गरम होतं. मग मागे वळून त्या सावकाश फिरणाऱ्या दांड्याकडे बोट रोखलं. "फिरतोय, चोआ." आणि बोट हळूहळू माझ्याकडे वळवलं. "गाउल, तू..." तो अडखळला. 'तू' म्हणाला होता.

"मनातल्या मनात म्हटलेलं धरत नाहीत," मी म्हणाले.

मग त्याने म्हटलं. अगदी हळू. तरीही पन्नास जणांनी ऐकलं.