चेंडू आधी की बंदूक?

“गोळी घालू नका... तो फाऊल खरंच होता!”

कोळशाच्या खोलीतल्या अंधारातून आवाज आला आणि मी किंचाळलेच. माझ्या हातात बंदूक आहे हे मी पार विसरले होते.

चाचपडत दिवा लावला. बॉयलरच्या मागे, कोळशाच्या ढिगाला टेकून एक उंच, सडपातळ माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, गळ्यात शिट्टी, नाकाच्या शेंड्यावर काजळी. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने आमच्या सर्वांत उंच पोराला पाचव्या फाऊलवर बाहेर काढलं होतं, आणि आम्ही हरलो होतो.

“ही खोटी आहे,” मी म्हणाले. “नुसता आवाज होतो. इथल्या कपाटात ठेवायला आणलीय.”

“तुमच्या गावाची काय खात्री द्यावी!” त्याने एक हात खाली घेतला. दुसरा तसाच. “बाहेर गर्दी पांगली का?”

“बरीचशी. माझे वडील अजून दारात आहेत.”

“ते टक्कलवाले? माझ्या आईचा उद्धार करत होते ते?”

“...तेच.”

“आवाज खणखणीत आहे हो त्यांचा,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मला हसू फुटलं. कुणी आत आलं असतं तर? ओराल क्लाइनची मुलगी रेफरीशी हसत बोलतेय! मी घाईघाईने कोळसा टाकायची खिडकी उघडली. त्यातून तो बाहेर सरपटला, आणि जाताना म्हणाला, “मी व्हर्लिन स्टकी. पुढच्या वेळी दारातून येईन म्हणतो... जमलं तर.”

मी तेव्हा पिनॉक गावच्या शाळेत टायपिंग शिकवायचे, आणि सामन्याच्या दिवशी घड्याळाच्या टेबलावर बसायचे. आमच्या जिममध्ये भोंगा नव्हता. वेळ संपली की मी बार उडवायचा. हेडमास्तर हॉबर्टसाहेबांनी हे काम मला दिलं, कारण म्हणे माझा हात स्थिर. टेबलाखाली गुडघे कसे लटपटतात ते त्या बिचाऱ्यांना कुठे दिसत होतं!

आणि लटपटायला कारणही होतं. अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात तेव्हा गाव म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे बास्केटबॉलचा संघ. आठ गावांनी मिळून बांधलेली आमची बीव्हर फोर्क कॉन्फरन्स. वर्षभर हीच आठ गावं एकमेकांशी खेळणार आणि शेवटी एकाच्या नावाने ढाल लागणार. बाबांच्या तरुणपणी कॉन्फरन्स नव्हती. तेव्हा ज्याच्या अंगणात सामना, त्याच्याच गावचा रेफरी, आणि अर्थातच त्याचाच विजय. एका हिवाळ्यात शेजारच्या ऑल्डरसन गावी भांडण इतकं पेटलं की शेगडी उलटली आणि धान्याच्या कोठारावरचा अख्खा हॉल जळला. मग आठ हेडमास्तर चर्चच्या तळघरात बसले आणि त्यांनी नियम केले. पहिला नियम असा, की रेफरी आठ गावांबाहेरचा हवा, आणि खेळणाऱ्या कुठल्याही गावाशी त्याचं रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नको. बाकीचे नियम लोकांनी रबरासारखे ताणले. हा एक मात्र बायबलसारखा पाळला. क्रॉस मिल गावाची ढाल एकदा काढून घेतली होती, कारण रेफरी त्यांच्या प्रशिक्षकाच्या बायकोचा मावसभाऊ निघाला. त्या बाईशी गावात अजून कुणी धड बोलत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मंगळवारी पाव आणायला गेले.

व्हर्लिन शहरातल्या बेकरीची गाडी चालवायचा, हे मी तोवर काढून घेतलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो ओपल बेंडरच्या दुकानात पाव उतरवायचा. मी दारात, तो हातात पावांची फळी घेऊन समोर. नाक स्वच्छ होतं. डोळे मात्र तेच, मिश्कील.

“आज बंदूक नाही आणली?”

“आज फाऊल कुठे झालाय...”

“व्हायला वेळ लागत नाही,” तो म्हणाला, आणि माझे कान तापले.

त्या महिन्यात आमच्या घरात इतका पाव झाला की बाबा वैतागले. “अर्डी, आपण माणसं आहोत की बदकं?”

भेटायला जागा म्हणाल तर नव्हतीच. आठही गावांत व्हर्लिनला न ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि बहुतेक सगळी त्याच्यावर भुंकायची. मग त्याची गाडी जुन्या पुलाखाली थांबायची आणि मी मागच्या दाराने आत शिरायचे. बाहेर बर्फाळ पाऊस टपावर तडतडायचा. आत ताज्या पावाची ऊब, तो वास... आणि आम्ही दोघं उलट्या पेट्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

“तू का वाजवतोस रे ती शिट्टी?” मी एकदा विचारलं. “शिव्या खायला?”

“मी खेळायला फार वाईट होतो गं. पण मैदानाच्या त्या लाकडी फळ्यांवर उभं राहिल्याशिवाय मला करमत नाही.” मग हळूच, “आता तर अजिबातच नाही. टेबलावर कोणीतरी बसलेलं असतं ना.”

“मला भीती वाटते, व्हर्लिन.”

“कशाची? नियमात प्रेमाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी नीट वाचलाय.”

“लोक नियम वाचत नाहीत. लोक मारतात.”

आदल्या वर्षीच एका रेफरीची गाडी लोकांनी त्याच्यासकट ओढ्यात ढकलली होती. त्याचा हात मोडला, आणि कुणी ढकललं ते अख्ख्या गावाला माहीत असून कुणालाच माहीत नव्हतं. आमचं बाहेर फुटलं असतं तर व्हर्लिनचा प्रत्येक निर्णय लोकांनी उकरून काढला असता. शिट्टी गेली असती ती गेलीच, पण त्याआधी हाडं गेली असती. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. गाडीचं दार वाऱ्याने जरा हललं तरी मी वळून वळून बघत होते.

“मी तुझ्या वडिलांना विचारतो,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का तू!”

वेडाच होता. शनिवारी सकाळी मी बाबांच्या सलूनमध्ये धुतलेले टॉवेल द्यायला गेले आणि दारातच थिजले. खुर्चीत व्हर्लिन! गळ्यापर्यंत पांढरी चादर, तोंडभर फेस. बाकावरचे चौघे म्हातारे श्वास रोखून बघत होते. बाबा पट्ट्यावर वस्तरा घासत होते... सावकाश, अगदी सावकाश.

“बोला स्टकी. काय करू?”

“दाढी... आणि...”

“आणि?”

व्हर्लिनच्या डोळ्यांनी आरशात मला शोधलं. वस्तरा गळ्याच्या घाटीपाशी आला.

“नुसती दाढी.”

“शुक्रवारी ऑल्डरसनशी आमचा शेवटचा सामना,” बाबा वस्तरा फिरवत म्हणाले. “जिंकलो तर ढाल आमची. शिट्टी तुझी. खरं ना?”

“अं... हं.” मान हलवायची सोय नव्हती.

“डोळे नीट उघडे ठेव म्हणजे झालं.”

म्हातारे खिंकाळले. मी टॉवेल टाकले आणि मागच्या दाराने पळाले. गल्लीत भिंतीला टेकून मी रडले, आणि रडता रडता मला हसूही येत होतं. एवढा भित्रा आणि एवढा धीट माणूस एकाच वेळी कसा असू शकतो?

शुक्रवारी जिममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या चौकटींवरसुद्धा पोरं बसलेली. घाम, ओली लोकर, मक्याच्या लाह्या यांचा कोंदट वास. बाबा माझ्या मागेच, पहिल्या बाकावर. व्हर्लिन माझ्या टेबलासमोरून धावत जायचा तेव्हा माझ्याकडे मुद्दाम बघायचा नाही. आणि ते न बघणं मला इतकं मोठं वाटायचं, की सगळ्यांना दिसत असणार असं वाटून मी नजर घड्याळावर खिळवून ठेवायचे.

शेवटचं अर्धं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे. चेंडू ऑल्डरसनकडे. घड्याळाचा काटा सरकतोय, माझं बोट चापावर. त्यांचा एक बुटका पोरगा कोपऱ्यातून उडाला...

धाड!

चेंडू आत पडला.

क्षणभर कुणाला काहीच कळलं नाही. मग दोन्ही बाजूंनी एकच गलका उठला. व्हर्लिनसमोर तीन-चार धिप्पाड पोरं आडवी आली होती, त्याला दिसलं नव्हतं. शिट्टी वाजवून तो माझ्या टेबलाकडे आला. आमच्या कॉन्फरन्समध्ये अशा वेळी घड्याळवाल्याचा शब्द अखेरचा असायचा. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा होता.

“मिस क्लाइन, चेंडू आधी की बंदूक?”

वाफेच्या नळाची सूं-सूं तेवढी ऐकू येत होती. मी पाहिलं होतं. बार उडाला तेव्हा चेंडू त्या पोराच्या डोक्यावर चांगला हातभर वर होता. ‘बंदूक’ एवढंच म्हटलं असतं की ढाल आमची, बाबा खूश, आणि व्हर्लिन सुखरूप घरी. एकच शब्द! जिभेच्या टोकावर आला होता, देवाशपथ. पण मी खोटं बोलले असते, तर त्याने ते मानलं असतं, पुन्हा कधीच मला विचारलं नसतं, आणि ते खोटं जन्मभर आमच्या दोघांमध्ये राहिलं असतं. त्या गर्दीपेक्षाही मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“चेंडू,” मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, “चेंडू आधी सुटला.”

व्हर्लिनने दोन बोटं खाली केली, म्हणजे दोन गुण. बास्केट धरली. आम्ही हरलो.

बाकं करकरली, माणसं खाली उतरू लागली. आणि तेवढ्यात ओपल बेंडरचा चिरका आवाज आला, “तिला विचारा, पुलाखाली पावाच्या गाडीत काय करत असते ती! मी बघितलंय! दोघांचं साटंलोटं आहे!”

मग तो आवाज उठला. मी पुढे पुष्कळ वादळं पाहिली, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. लोक चारी बाजूंनी फळ्यांवर उतरले. कुणीतरी खुर्ची उचलली होती. “गाडी कुठाय त्याची?” “ओढ्यात घाला!” ऑल्डरसनची माणसं आपली पोरं गोळा करून दाराकडे पळाली. हॉबर्टसाहेब ओरडले, “स्टकी, कोळशाच्या खोलीतून निघ!” व्हर्लिन हलला नाही. तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. त्या पट्ट्यांच्या शर्टाखाली त्याची पाठ थरथरत होती. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी गेले आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. पाय कसे चालले, मला माहीत नाही.

गर्दीतून वाट काढत बाबा पुढे आले. लोक थांबले. ओराल क्लाइनच्या आधी हात टाकायची कुणाची टाप नव्हती.

“अर्डी. खरं का?”

“चेंडूच आधी होता, बाबा.”

“ते नाही विचारलं मी. गाडीचं.”

“...तेही खरं.”

बाबांचं टक्कल लालबुंद झालं. ते व्हर्लिनकडे वळले. “लग्न करणार आहेस हिच्याशी, की नुसताच पाव खाऊ घालणार?”

“शनिवारी तेच विचारायला आलो होतो, साहेब,” व्हर्लिन म्हणाला. त्याने माझी बोटं इतकी आवळली की दुखलं. “पण गळ्यावर वस्तरा होता. माझं हिच्यावर प्रेम आहे. आता मारायचं तर मारा.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा हसले नाहीत. ते एकदम हेडमास्तरांकडे वळून गरजले, “हॉबर्ट! नियम काय सांगतो? गावचा जावई गावच्या सामन्यात शिट्टी वाजवू शकतो?”

हेडमास्तर गोंधळले. “नाही. लग्नाचं नातं असेल तर त्या गावाचा एकही सामना नाही.”

“किती वर्षं?”

“किती म्हणजे... मरेपर्यंत.”

बाबा गर्दीकडे वळले, आणि तो खणखणीत आवाज छतापर्यंत गेला, “ऐकलंत का रे सगळ्यांनी? माझी पोरगी या आंधळ्याशी लग्न करतेय! हा पुन्हा कधी, कधीच, पिनॉकचा सामना घेणार नाही!”

लोक एकमेकांकडे बघू लागले. ज्याने खुर्ची उचलली होती त्याने ती हळूच खाली ठेवली.

“कधीच नाही?” त्याने खात्री करून घेतली.

“कधीच नाही.”

आणि मग कुणीतरी टोपी हवेत उडवली. ढाल गेली ती गेली, पण स्टकी तरी गेला! ज्या हातांनी आम्हाला ओढ्यात घातलं असतं, तेच हात व्हर्लिनची पाठ थोपटू लागले, जरा जास्तच जोरात. ओपल बेंडर तेवढी तोंड वाकडं करून उभी होती. माझे गुडघे आता सगळ्यांना दिसतील असे लटपटत होते, आणि व्हर्लिन माझ्या कानाशी म्हणत होता, “अर्डिथ... हो म्हणालीस का तू? मला त्या गोंधळात ऐकूच आलं नाही.”

“हो,” मी म्हणाले. “हो, हो, हो!”

तो हसला. मग त्याने एकदा त्या चकाकत्या फळ्यांकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. व्हर्लिन गाडी सुरू करायला पुढे गेला, चारही चाकं शाबूत आहेत ना ते बघत. बाबा माझ्याबरोबर चालत होते. मग कोटाची कॉलर वर करून पुटपुटले,

“अर्डी. चेंडू आधीच सुटला होता. मला दिसलं.”

“मग बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही—”

“हळू बोल,” बाबा मागे वळून बघत म्हणाले. “मला याच गावात दाढ्या करायच्यात.”