दोन मिनिटांचा श्वास

ही गोष्ट खरी आहे. खोटंच लिहायचं असतं तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात असं ऐकून आहे. माझ्या वाट्याला शनिवार आला, दुपारचे साडेतीन, हातात चहा. माझ्यासाठी जागरण करावं असं भुतालाही वाटलं नसावं.

तेव्हा मी रेडिओसाठी नाटक लिहायला शिकत होतो. रेडिओ केंद्राचाच वर्ग होता, आठ शनिवारांचा. शिकवायला एक निवृत्त सर, नाटकं बसवण्यात जन्म घालवलेले.

माझ्या पहिल्या नाटकाचा नायक मुका होता.

रेडिओवर.

सरांनी पाचही पानं वाचली आणि चष्मा काढला. "अरे, हा खोलीत आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

"सर, तो बघतो ना. खोल नजरेनं."

"नजर ऐकू येते का रे गाढवा?"

दुसऱ्या नाटकात मी मरणाला टेकलेली एक म्हातारी घातली. शेवटच्या प्रसंगात कुणी बोलत नाही, फक्त तिचा श्वास. वर्गातल्या एका मुलीनं धाप लागल्याचा अभिनय केला. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा वाटला.

सर म्हणाले, "खरा श्वास आण. दोन मिनिटं, मध्ये दुसरा आवाज नको. मिळाला तर तुझं नाटक रेडिओवर लावू."

खरा श्वास माझ्या घरातच होता.

माझी आत्या. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे मला तिनंच वाढवलं. शिलाई मशीनवर एक पाय आणि माझ्या पाळण्याच्या दोरीला दुसरा, असं ती सांगायची. वर्षभर फुप्फुसांच्या दुखण्यानं मागच्या खोलीत पडून होती.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच. मी खुर्ची ओढून बसलो, मोबाईल तिच्या उशीवर ठेवला.

"आत्या, काही बोलू नकोस हं. नुसता श्वास घे."

"हल्ली तेवढंच तर करते रे," ती म्हणाली आणि हसली. हसल्यानं धाप वाढली.

मी मनात म्हटलं, उत्तम.

हो. मनात हेच म्हटलं.

मिनिटभरानं ती म्हणाली, "पाणी दे रे."

पाण्याची बाटली माझ्या हाताशी होती. मी तळहात वर केला. थांब. मग ओठांवर बोट ठेवलं.

ती थांबली. माझ्याकडे बघत.

अजून एक मिनिट मी तसाच बसून राहिलो. मग रेकॉर्डिंग बंद केलं आणि पाणी दिलं. ते तीन शब्द त्याच संध्याकाळी कापून टाकले. दोन मिनिटं स्वच्छ उरली.

पाच दिवसांनी आत्या गेली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. पाण्याबद्दल मी त्यांना विचारलं नाही.

आठव्या शनिवारी नाटक रेकॉर्ड झालं. काचेपलीकडे वर्गातली मुलं, अलीकडे सर, मी आणि आवाजवाले काका. हे काका वीस वर्षं रेडिओवर घोडे, पाऊस आणि सासू-सुनांची आदळआपट एकट्यानं करत आलेले.

शेवटचा प्रसंग आला. मुलं गप्प झाली. काकांनी माझी फाईल लावली.

श्वास सुरू झाला. एक मिनिट झालं.

मग...

"पाणी दे रे."

मी कापलं होतं ते! स्वतःच्या हातानं.

मग... खुर्ची सरकली.

स्पीकरमध्ये.

त्या दुपारी मी खुर्चीतून उठलोच नव्हतो.

मग... पावलं. अनवाणी, सावकाश. पलंगाच्या दिशेनं.

मग... बाटलीतून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज.

माझा चहा पँटवर सांडला. तो गरम होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

मग आत्या बोलली. अगदी हळू. माझ्याशी नाही...

"नको. आवाज होईल. त्याचं काम चाललंय ना."

पेला खाली ठेवल्याचा बारीक आवाज आला. पुन्हा नुसता श्वास. मग तोही थांबला.

काका मशीनकडे बघत राहिले. "फाईल दोन मिनिटांची आहे," ते म्हणाले. "वाजली साडेतीन मिनिटं."

सर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

"हे शेवटचं वाक्य तुझ्या कागदावर नव्हतं. कधी लिहिलंस?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही.

"काल, सर," मी म्हणालो. "अचानक सुचलं."

सरांनी पाठ थोपटली. "आज लेखक झालास बघ."

नाटक लागलं तेव्हा घरी सगळ्यांनी मिळून ऐकलं. ते वाक्य आलं आणि बाबा उठून गॅलरीत गेले. बहिणीचा आवाज त्यांनी ओळखला की नाही, ठाऊक नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "अगदी वन्संच बोलल्या रे. कसं सुचतं तुला?"

"थँक यू," मी म्हणालो.

माझ्या मोबाईलवरची फाईल मी नंतर कितीदा तरी ऐकली. दोन मिनिटं. फक्त श्वास. खुर्ची नाही, पावलं नाहीत, वाक्य नाही.

आत्याची मला भीती वाटत नाही. ती मला काही करणार नाही, आणि तेच सहन होत नाही.

भीती वाटते ती त्या दुसऱ्याची. घरात आम्ही दोघंच होतो, मग उठलं कोण? पाणी कुणी ओतलं? जो कुणी होता, त्याला तिची तहान कळली. आणि त्यानं मला पाहिलंय. हात वर करून बसलेला.

आई हे पेज वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. घरी सांगायला हवं, कळतं मला. रोज जेवताना मी सांगायला तोंड उघडतो...

आणि घास घालतो.