आमोलोला कोण शोधतंय?

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः पाहिली आहे.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. पुरावा नसेल तर मी बोलत नाही. पण त्या रविवारी दुपारी, किसुमूतल्या आमच्या साखर कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये जे घडलं, त्याचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

माझं नाव अडोयो. माझा भाऊ ओगोला तिथेच कामाला होता. अहेरोच्या रस्त्यावर तो बसला होता ती मटाटू, म्हणजे वडापची गाडी, उलटली, नाल्यात गेली... आणि त्याची खुर्ची मला मिळाली.

तेव्हा अपोंडी वहिनी पोटुशी होती. पुढे तिला मुलगी झाली.

पण ती मुलगी रडायची थांबेना. अंगावर पिईना. डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

बाळ असं रडलं की आमच्या लुओ घरांत म्हातारी माणसं मेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला बाळ शांत होतं, ते त्याचं नाव.

आईने सगळी नावं घेतली. आजे, पणजे, आत्या, काका.

बाळ रडतच राहिलं. दिवसेंदिवस हलकं होत गेलं.

अशात कारखान्यात अपग्रेड निघालं. आमचे सगळे सर्व्हर एका मुख्य यंत्राच्या ताब्यात असतात. ते यंत्र म्हणजे डबा नव्हे, दुसऱ्या यंत्राच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर. अपग्रेड करताना त्याच्या शेजारी नवं उभं करायचं, जुन्याची सगळी माहिती त्याला द्यायची, जुन्याचं नाव द्यायचं, मग जुनं बंद करायचं. नाव तेच राहिलं तर बाकीच्यांना बदल कळतही नाही.

जुन्याचं नाव होतं आमोलो. ओगोलाने ठेवलेलं.

आमोलो आमची बहीण. माझ्या जन्माआधी, दोन वर्षांची असताना तापाने गेली. ओगोला तिला पाठीवर घेऊन फिरायचा. मला एकदा म्हणाला होता, "हाक मारली की लगेच ओ द्यायची बघ. यंत्रानेही तसंच करावं."

पण नैरोबीच्या मुख्य कचेरीचा हुकूम आला. माणसांची नावं बंद. नवं नाव केएसएम-दोन.

"यांना ऊस कुठून सोलतात ते माहीत नाही, पण नावं ठेवायला पुढे," मुसादादा म्हणाला. तो माझा वरिष्ठ. "पोरी, नाव तेच राहू दे. मी त्यांच्याशी भांडतो."

तो भांडला. हरला.

म्हणून त्या रविवारी गाळप बंद असताना आम्ही नाव बदललं. एकेका सर्व्हरला नवं नाव शिकवलं. सगळे ओळख देऊ लागले. जुनं यंत्र बंद केलं.

मुसादादा मक्याच्या पिठाची उगाली आणि मासे आणायला बाहेर गेला.

खोलीत फक्त पंख्यांचा आवाज.

आणि स्क्रीनवर एक ओळ आली...

कुणीतरी आमोलोचा पत्ता विचारत होतं. विचारलेलं नाव सापडलं नाही, तरच अशी ओळ येते.

मला वाटलं, एखादा सर्व्हर राहिला असेल. मी सगळे पुन्हा तपासले. एकही राहिला नव्हता.

पुन्हा तीच ओळ. आमोलो कुठे आहे?

विचारणारं यंत्र कोणतं ते शोधलं. प्रत्येक यंत्राला जन्मखुणेसारखा एक क्रमांक असतो. मी तो जुन्या नोंदींशी ताडून पाहिला.

ओगोलाचा लॅपटॉप.



तो लॅपटॉप नाल्यातून दोन तुकड्यांत निघाला होता. आईच्या कपाटात, त्याच्या शर्टांखाली ठेवलेला होता.

मी वहिनीला फोन लावला. मागे बाळाचं रडणं... आता रडणंही नव्हतं, नुसतं कण्हणं.

"वहिनी, कपाट उघड. लॅपटॉप आहे का बघ."

"आहे ना. जाणार कुठे? तुझा आवाज असा का येतोय?"

"इथं त्याच्यावरून कुणीतरी विचारतंय. सारखं विचारतंय."

"काय विचारतंय? थांब, स्पीकरवर टाकते, लेक हातात आहे."

"आमोलो कुठे आहे म्हणून."

कण्हणं थांबलं.

मी फोन कानाला घट्ट धरला. काहीच ऐकू येईना.

"वहिनी?"

"गप्प झाली," वहिनी कुजबुजली. "अडोयो, ती माझ्याकडे बघतेय."

मग आईचा आवाज आला. "लहानपणी गेलेल्यांची नावं देत नाहीत. म्हणून मी ते घेतलंच नव्हतं."  मग आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. "आमोलो. ये गं माझी बाई."

बाळ दूध प्यायलं.

स्क्रीनवर पुन्हा ओळ आली नाही.

मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मुसादादाने आणलेले मासे तसेच गार झाले.

घरी आल्यावर वहिनीने पहिलं तेच विचारलं. "अजून विचारतोय?"

"नाही. थांबलं."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबून रडली. "इतके दिवस तो इथेच होता. आणि मला माहीतही नव्हतं."

आता आमोलो रांगते. गुटगुटीत आहे.

गेल्या रविवारी मी कामावर होते. वहिनीचा फोन आला.

"रागावू नकोस. सकाळपासून मी तिला दुसऱ्या नावाने हाक मारतेय. फक्त आजच्या दिवस. म्हटलं, तो पुन्हा विचारेल. आलं का काही?"

मी स्क्रीनकडे पाहिलं.

एक ओळ होती...

तिच्याखाली दुसरी.

तिच्याखाली तिसरी.

मागे बाळ कण्हत होतं.

"नाही वहिनी," मी म्हणाले. "काही आलं नाही. तू तिला तिच्या नावाने हाक मार."



"बरं," ती म्हणाली. मग फोनपासून दूर, हळूच, "आमोलो."

बाळ शांत झालं.

ओळी थांबल्या.

मी त्या पुसायला हात पुढे केला. पण त्या अजून तिथेच आहेत. माझ्याच्याने पुसवत नाहीत.