नदीतून उचललेला मुकुट

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण न्हाणीघराचं दार तोडलं, तेव्हा मी तिथेच उभी होते.

मे २००४. दिंडोरी. माझ्या मावसभावाच्या, महेशदादाच्या हळदीची सकाळ.

दादा युक्रेनला डॉक्टरकी शिकून आला होता. येताना बॅगेत फुलांचा एक मुकुट आणला होता. वाळलेली लाल खसखशीची फुलं, हिरवट वेल, मागे लांब रंगीत फिती.

तिकडे लग्न न झालेल्या मुलीच तो घालतात, असं दादा सांगायचा. वेल म्हणजे मेल्यावरही न सुटणारी सोबत. उन्हाळ्यातल्या एका सणाला मुली आपापला मुकुट नदीत सोडतात. जो मुलगा तो पाण्यातून उचलतो, त्याच्याशी लग्न, असं मानतात.

दादाने हालिना नावाच्या मुलीचा मुकुट उचलला होता.

घरी विचारून परत येतो, असं तिला सांगून तो निघून आला.

पुढच्या सणाला ती त्याच नदीत उतरली... आणि वर आलीच नाही.

हे मला दादानेच सांगितलं; तिकडच्या मित्राने त्याला कळवलं होतं. वर म्हणाला, "तिकडची पद्धत गं ती. मी काय खरं धरून बसलो होतो?"

मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. घर सजवताना तिला तो मुकुट सापडला. लय देखणा हाय, म्हणत तिने तो पुढच्या दारावर खिळ्याला अडकवला.

दादाचा चेहरा उतरला. पण पाहुणे जमले होते. तो पाटावर जाऊन बसला.

हळद लागली. दादा अंघोळीला गेला.

मी सहज पुढच्या दाराकडे पाहिलं...

खिळा रिकामा होता.

खाली एक लाल पाकळी पडली होती. मऊ. ओली. ताजी.

तेवढ्यात न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. बादली ओतल्याचा नाही... नदी वाहते तसा.

त्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं.

मग आत एक बाई गुणगुणायला लागली.

मावशीने हाक मारली. दादा आतून त्या परक्या भाषेत काहीतरी बोलत होता. हात जोडून विनवावं तसा.

मग... काहीच नाही.

शेजारच्या रंगनाथकाकांनी दार तोडलं.

दादा भिंतीला टेकून बसला होता. फरशी कोरडी. बादली काठोकाठ भरलेली, पाण्याला हातही लागलेला नव्हता. आणि डोक्यावर तो मुकुट... सगळी फुलं टवटवीत.

बुडून मेला, असं डॉक्टर म्हणाले. छातीत गाळ आणि शेवाळ निघालं.

मुकुट डोक्यावरून निघेना. त्याच्यासकटच दहन केलं.

दहाव्याला त्याची होणारी बायको तृप्ती वणीहून आली. तिने मला बाजूला घेतलं. हळदीच्या सकाळी नऊच्या सुमारास तिच्याकडे एक फोन आला होता.

"बाई होती कोणीतरी. मोडकं मराठी. म्हणाली, राग धरू नको. त्यानं माझं लग्न मोडलं, मी त्याचं मोडते."

"अजून काही म्हणाली?"

मावशी जवळपास नाही ना, ते तृप्तीने मागे वळून पाहिलं.

"ती नाही. पण मागून महेशचा आवाज येत होता. गुदमरल्यासारखा. आईला हाका मारत होता."

नऊ वाजता दादा आमच्यासमोर पाटावर बसला होता. मावशी त्याच्या गालाला हळद लावत होती, आणि तो हसत होता.

त्या पाटावर नेमकं कोण बसलं होतं, हे मी मावशीला आजवर विचारलेलं नाही.